विट्याची समुद्रकाकडी

आमचे सर खुर्चीवर बसत नसत. कॉलेजनं त्यांना चांगली फिरती खुर्ची दिली होती. तिच्यावर बरण्या ठेवलेल्या असत. टेबलावरही बरण्याच. सर स्वतः खाली सतरंजीवर मांडी घालून बसायचे, पुढ्यात चौरंग, चौरंगावर सूक्ष्मदर्शक, आणि मान अशी वाकलेली की नव्या माणसाला वाटावं, पूजा चालली आहे, मागाहून यावं. मी वडूजहून एम.एस्सी.ला विट्याला आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या दारात घुटमळले. आतून आवाज आला, "जो कोण असेल त्यानं चपला बाहेर काढाव्यात आणि खाली बसावं. आमच्यात खालीच बसतात."

'आमच्यात' म्हणजे गलाईवाल्यांत. विट्याच्या आसपासची माणसं सोनं गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरच्यांना सांगावं लागतं. सराफाकडचं मोडीचं सोनं घ्यायचं, आम्लात टाकून त्यातली भेसळ काढायची, उरलेलं निखळ सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं. हे सगळं भट्टीपुढं मांडी घालून. सरांचे वडील हेच करत, थोरले भाऊ हेच करत. घराण्यात शिकले ते एकटे सर. पण धंदा सोडला तरी बैठक काही त्यांनी सोडली नाही.

आणि शिकून केलं काय, तर समुद्रकाकडी. विट्यापासून समुद्र किती लांब हे नकाशा न बघताही सांगता येईल. आमच्याकडे प्यायच्या पाण्याचे वांधे, आणि हे गृहस्थ खोल समुद्राच्या तळातले प्राणी ओळखत बसलेले. गावात त्यांना 'काकडीवाले सर' म्हणत. पहिल्या वर्षाच्या पोरांनी एकदा बाजारातली खरी काकडी बरणीत घालून, वर चिठ्ठी चिकटवून त्यांच्या चौरंगावर ठेवली. सरांनी ती काढली, धुतली, सालं काढून चकत्या केल्या, खिशातली मिठाची पुडी सोडली आणि शांतपणे खाल्ली. मग पोरांना म्हणाले, "नमुना ताजा होता. पण चिठ्ठी बाहेरून चिकटवली होती. चिठ्ठी आत टाकायची असते."

हा त्यांचा नियम. बाहेरची चिठ्ठी आज ना उद्या गळून पडते आणि मग आतला प्राणी कोण, कुठला, याला काही पुरावा राहत नाही. म्हणून जाड कागदावर शिसपेन्सिलीनं लिहायचं आणि कागद प्राण्याबरोबर अल्कोहोलमध्येच बुडवायचा. हे इतकं अंगात मुरलेलं की त्यांच्या छत्रीत, डब्याच्या झाकणाखाली, स्वेटरच्या कॉलरच्या आत, सगळीकडे त्यांच्या नावाची पट्टी असायची. बाहेर कुठंही नाही. मला ते तेव्हा खुळचट वाटायचं. आता मी सांगलीला शिकवते, आणि माझ्या छत्रीच्या आतही पट्टी आहे.

समुद्रकाकडी म्हणजे भाजी नव्हे, हे सांगून ठेवलेलं बरं. तो प्राणी आहे. जिथं उजेड पोचत नाही अशा तळाच्या चिखलावरून सरकणारा, चिखलच गिळून जगणारा, बोटाएवढा नाहीतर हाताएवढा, मऊ. जहाजाच्या जाळ्यातून वर येईपर्यंत त्याचा लोळागोळा झालेला असतो. बाहेरून बघून कुठली जात ते सांगायची सोय नाही. त्यासाठी कातडीचा इवलासा तुकडा काचपट्टीवर घ्यायचा आणि त्यावर ब्लीचचा थेंब सोडायचा, धुण्याचंच ब्लीच. मांस विरघळून जातं आणि कातडीत रुतलेले चुन्याचे कण तेवढे उरतात. नुसत्या डोळ्याला ती भुकटी. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर कुठं चाकं, कुठं नांगर, कुठं भोकाभोकांच्या चकत्या, कुठं चकतीवर चार खांबांचा मनोरा उभा. या कणांवरून जात ठरते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ डोळा काढला नव्हता.

"आमचा दादा करतो तेच मी करतो," सर म्हणायचे. "त्यानं आम्ल ओतायचं, मी ब्लीच ओतायचं. जायचं ते जातं. उरतं ते खरं."

'उरतं ते खरं' हे त्यांचं ब्रीद. दुसरं एक वाक्य आम्हा विद्यार्थ्यांच्या वाट्याला रोज यायचं. कुणी "सर, मला वाटतं, ही अमुक जात असावी" असं म्हणालं की ते मान वर न करता म्हणायचे, "तुला वाटतं ते तुझ्यापाशी ठेव. दिसतं काय ते सांग." एका मुलीच्या लग्नात तिच्या वडिलांनी सरांना मुलगा दाखवून विचारलं, कसा वाटतो? सर म्हणाले, "उंच आहे." पुढं एक शब्द बोलले नाहीत. बिचारे वडील जेवणं उरकेपर्यंत काळजीत होते.

नमुने त्यांच्याकडे यायचे ते कोकणपट्टीच्या पलीकडच्या एका संशोधन संस्थेतून. तिथं त्यांचा एक वर्गमित्र होता. संस्थेचं जहाज अरबी समुद्रात खोलवर जाळं टाकायचं. मासे, कोळंबी ज्याची त्याची वाटून झाली की जे कुणालाच नको ते उरायचं, आणि ते एसटीच्या पार्सलनं विट्याला यायचं. एकदा एक डबा वाटेत गळला. स्टँडवरच्या पार्सलवाल्यानं नाक धरून विचारलं, "सर, ह्यात हाय तरी काय?" सर म्हणाले, "काकडी." "काकडीला दारूचा वास कसा वो येतुय?" सरांनी त्याला तिथंच उभ्या उभ्या समजावलं, की फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं तर कातडीतला चुना खाल्ला जातो, म्हणून अल्कोहोल. पार्सलवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गावभर सांगितलं की सर भारीतली मागवतात. सरांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नव्हतं.

समुद्राची मात्र त्यांना अजिबात ओढ नव्हती. आम्ही सहलीला रत्नागिरीला गेलो होतो तेव्हा सगळी पोरं पाण्यात उतरली आणि सर पाठ करून वाळूवर बसून राहिले. मी विचारलं, सर, बघत का नाही? म्हणाले, "वरून काय दिसतंय त्यात?"

आता त्यांच्या दादांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय सर कळायचे नाहीत.

दादांचं नाव सोपान. मिसरूड फुटायच्या आत ते वडिलांबरोबर मदुराईला गेले आणि भट्टीपुढं बसले ते शेवटपर्यंत. आम्लाच्या वाफेनं छाती गेली, पुढं पुढं आवाजही गेला. मी त्यांना पाहिलेलं नाही. सरांच्या सांगण्यातून मला माहीत आहेत ते जत्रेला गावी आलेले, पांढऱ्या सदऱ्यातले, खोकत खोकत हसणारे आणि धाकट्या भावाला बाजूला घेऊन "पुस्तकं घेतलीस का?" एवढंच विचारणारे. सरांचं सगळं शिक्षण त्यांनी केलं. वडील म्हणत होते, धाकट्यालाही भट्टीवर घाला. दादांनी पहिल्यांदा आणि शेवटचा वडिलांपुढं आवाज चढवला तो तेव्हा. "ह्याची छाती तरी ऱ्हाऊ द्या," म्हणाले. हे वाक्य सर दरवेळी सांगायचे. मग ते उगाचच एखाद्या बरणीचं झाकण घट्ट करायचे.

दादा गेल्यानंतर सरांना एका डब्यात काही लहानखुऱ्या समुद्रकाकड्या मिळाल्या. कण काढून पाहिले तर चकतीवर उंच, चार खांबांचे मनोरे. असे मनोरे असलेली जात त्या कुळात कुणी नोंदवलेली नव्हती. सरांनी सगळी जुनी वर्णनं पालथी घातली, पुन्हा पुन्हा कण काढले, आणि शेवटी ठरवलं की जात नवी आहे. नव्या जातीचं नाव ठेवायचा मान शोधणाऱ्याचा. त्यांनी नाव ठेवलं 'सोपानी', म्हणजे सोपानची. सगळ्या आयुष्यात त्यांनी नाव दिलेली ही एवढी एकच जात.

मी तेव्हा त्यांच्याकडेच शिकत होते. छापील अंक आला त्या दिवशी सर मला घेऊन थेट वैनींकडे गेले. वैनी म्हणजे दादांच्या पत्नी. सर त्यांना वैनी म्हणत, म्हणून आम्हीही वैनीच म्हणायचो. सरांनी अंक उघडून चित्र दाखवलं. वैनींनी ते लांब धरून, जवळ धरून पाहिलं.

"ह्यांचं नाव हाय ह्याला?"

"व्हय वैनी. सगळ्या जगात आता ह्याला हेच नाव."

वैनी डोळ्याला पदर लावून आत गेल्या आणि साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटून झाले. वाटताना त्या सांगत होत्या, समुद्रात ह्यांच्या नावाचा मासा निघालाय. सरांना राहवेना. "वैनी, मासा न्हवं ते."

"मग?"

"काकडी."

"आवं भावजी, नवऱ्याच्या नावाची काकडी निघाली म्हणून सांगू व्हय लोकास्नी? मासाच सांगती मी."

त्या चित्राची त्यांनी फ्रेम करून घेतली आणि दादांच्या फोटोशेजारी टांगली. दादांना हार घालताना एक फूल त्या फ्रेमवरही ठेवायच्या. कोल्हापूरहून, पुण्याहून पाहुणे आले की त्यांना भिंतीपाशी नेऊन उभं करायच्या. ज्या बाईनं नवरा वर्षातून एकदा जत्रेपुरता पाहिला, तिला ती फ्रेम म्हणजे काय होतं, हे मला त्या वयात कळलं नव्हतं. आता कळतं.

यानंतर बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले. त्यांनी बरण्या घरी आणल्या, बाहेरच्या खोलीत मांडल्या आणि काम जसंच्या तसं चालू ठेवलं. मी सांगलीला लागले. अधूनमधून फोन व्हायचा. फोनवरही त्यांचं पहिलं वाक्य, "काय बघितलंस?" असंच असायचं.

एक दिवस फोन आला आणि ते वाक्य आलं नाही. "तुला सुट्टी मिळेल का गं चार दिवस?" एवढंच म्हणाले. मला वाटलं, तब्येतीचं काही असेल. मी दुसऱ्याच दिवशी विट्याला गेले.

सर ओसरीवर बसले होते. आत चौरंगावर नवा डबा होता, अर्धवट उघडलेला. संस्थेतून आला होता. या खेपेला जहाजानं एकाच ठिकाणी जाळं टाकलं होतं आणि एकाच ठेवणीच्या समुद्रकाकड्या, फारशा न चेंगरता, बोटाएवढ्यापासून हाताएवढ्यापर्यंत, लहान-मोठ्या सगळ्या एकत्र वर आल्या होत्या. लहान होत्या त्या वरून हुबेहूब सोपानी. मोठ्या होत्या त्या वरून तरी दुसरीच एक जात, फार जुनी, कुणा परदेशी माणसानं दुसऱ्या समुद्रातून केव्हाच नोंदवलेली. तिच्या कातडीत नुसत्या सपाट चकत्या असतात, मनोरे नसतात.

मी सरांकडे पाहिलं. त्यांना काय भीती वाटते आहे ते मला लगेच कळलं.

"तुम्ही कण काढून बघितले?"

"न्हाई. आणि बघणार पण न्हाई. तू बघायचं." मग थांबून म्हणाले, "घरचं सोनं घरच्यानं कसाला लावायचं नसतं. वैनीच्या बांगड्या मोडायच्या होत्या, तवा दादानं त्या आपल्या दुकानात गाळल्या न्हाईत. समोरच्या दुकानात दिल्या, आणि स्वतः रस्त्यावर उभा राहिला. मी विचारलं, का रं दादा? तर म्हणाला, आपल्या सोन्यावर आपला हात हलका पडतो. माझ्या हातनं एकदा हीच गोष्ट झाली. दादाचं नाव द्यायचं मनात धरून मी कसाला लावलं. आता दुसऱ्यांदा न्हाई."

मी आत गेले. खाली बसले. ज्या चौरंगापाशी मी शिकले त्याच चौरंगापाशी, मोठ्या नमुन्यापासून सुरुवात करून एकेकाच्या कातडीचा तुकडा काढत गेले. सर आत फिरकले नाहीत. झाडांना पाणी घालत, घातलेल्या झाडांनाच परत घालत. जेवायला हाक मारली तर काम कुठवर आलं ते विचारायचे नाहीत, भाजीत मीठ कमी आहे का ते विचारायचे.

मोठ्यांत सपाट चकत्या होत्या. लहानांत मनोरे. इथवर माझ्या मनात आशा होती, कारण दोन जाती एकाच ठिकाणी राहू शकतात. पण मधल्या आकाराच्या नमुन्यांनी काही शिल्लक ठेवलं नाही. त्यांच्या कातडीत मनोरे होते, पण खुजे, खांब झिजलेले. त्याहून थोड्या मोठ्यांत खांबांच्या जागी नुसते टेंगूळ. त्याहून मोठ्यांत तेही नाही. प्राणी वाढतो तसे मनोरे झिजत जातात. दोन जाती नव्हत्याच. सरांची सोपानी म्हणजे त्या जुन्या जातीचं पिल्लू होतं.

मी काचपट्ट्या क्रमानं लावून ठेवल्या. चहा केला. दोन कप घेऊन ओसरीवर आले. सरांनी कप घेतला नाही.

"सर, मला वाटतं, आणखी काही नमुने..."

"दिसतं काय ते सांग."

मग मी सांगितलं. कुठल्या आकाराला मनोरे कसे आहेत, कुठं खांब झिजायला लागतात, कुठं संपतात. मोठ्यापासून लहानापर्यंत सगळं. माझा आवाज मलाच परका वाटत होता. माझं संपल्यावर सर उठले, आत गेले, खाली बसले आणि मी लावून ठेवलेल्या काचपट्ट्या एकामागून एक पाहिल्या. ऊन ओसरीवरून उतरेपर्यंत पाहत होते.

"बरोबर आहे," म्हणाले. मग सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं. "बघ, मी कुठं चुकलो. सोनं गुंजभर असू दे नाहीतर तोळाभर, कस तोच. लहान तुकड्याला एक आणि मोठ्याला एक असं नसतं. मी जलमभर उरतं ते खरं, उरतं ते खरं म्हणत बसलो. पण हे सोनं न्हवं. हे वाढतं. लहानपणी एक उरतं, मोठेपणी दुसरंच उरतं. गलाईवाल्याच्या पोरानं करायची ती चूक केली मी. दुसऱ्या कुणी केली नसती."

मला रडू आलं. सरांनी मला रडू दिलं.

सरांनी संस्थेतल्या वर्गमित्राला फोन केला तेव्हा मी तिथंच होते. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. ते म्हणत होते, अरे, घाई कशाला करतोस? सगळ्या जगात ह्या प्राण्याकडे बघणारी माणसं मोजकी. आपल्या हयातीत कुणाच्या लक्षात यायचं नाही. राहू दे की भावाचं नाव. सर म्हणाले, "पोरीनं बघितलंय. आता न बघितल्यासारखं कसं करायचं?"

टिपण त्यांनी स्वतः लिहिलं. छोटंसंच होतं. अमुक जात ही वेगळी नसून तमुक जातीची लहान अवस्था आहे, सबब हे नाव त्या नावाखाली समजावं. माझं नाव त्यांनी पहिलं घातलं. मी नको म्हटलं, तर म्हणाले, "कस ज्यानं लावला त्याचं नाव. तसंच असतं." टिपण छापून आलं, मला चार लोकांनी अभिनंदन कळवलं, आणि मी एकालाही उत्तर दिलं नाही.

वैनींना सांगायचं राहिलं होतं. सर रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. ज्या माणसानं पोरांच्या तोंडावर त्यांची चूक सांगायला कधी मागंपुढं पाहिलं नाही, तो वैनींच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन भाजी घेऊन परत यायचा. शेवटी मला फोन करून म्हणाले, "तू बरोबर चल. एकट्याला जमंना."

वैनी आता थकल्या होत्या, पण आम्हाला बघून उठल्या, चहा टाकला. सर जमिनीवर बसले. वैनी जात्यापाशी भिंतीला टेकून. वर दोन्ही फ्रेमा होत्या, दोन्हींवर सकाळचं फूल.

"वैनी, त्या प्राण्याचं नाव बदलाय लागलं," सर म्हणाले.

"कुठल्या?"

सरांनी भिंतीकडे हात केला. मग जे मला सांगून झालं होतं ते साध्या शब्दांत वैनींना सांगितलं. तो प्राणी लय आधीच दुसऱ्या कुणाला घावला होता. त्याला नाव होतंच. मला घावलं ते त्याचं पिल्लू, मी ते निराळं समजलो.

वैनींनी ऐकून घेतलं. "कोन आलंतं सांगाय? कुनी पकडली चूक?"

"कुणी न्हाई. हिला बघाय लावलं, आणि मीच छापलं."

"आनी तुमी गप बसला असतासा तर?"

सरांना खोटं बोलता येत नसे. "तर कुणाला कळलं नसतं," ते म्हणाले. "आपण आहोत तवर तरी न्हाई."

वैनींनी कप खाली ठेवला. "मग गप का न्हाई बसलासा?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "दुकानाच्या पाटीवर मामंजींचं नाव. हे घर पोरांच्या नावावर. जलमभर त्या वाफंत बसून ह्यांनी सगळ्यास्नी उभं केलं, आनी ह्यांचं सोताचं म्हणून नाव कुटं हाय? एवढं एक हुतं. ते बी तुमीच काडलंसा भावजी. परक्यानं काडलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं."

मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात सर अगदी हळू म्हणाले, "काडलं न्हाई, वैनी. काडता येत न्हाई."

"म्हंजी?"

"आमच्यात, ह्या शास्त्रात, एकदा ठेवलेलं नाव पुसत न्हाईत. चुकलेलं असलं तरी. खऱ्या नावाच्या खाली ते लिहून ठेवायचं असतं. ह्या प्राण्यावर हितनं पुढं कुणी बी पूर्ण लिहाय बसला, कुठल्या बी देशाचा असू दे, त्याला खाली ते नाव लिहावं लागतं. मी मेल्यावर बी. ही मेल्यावर बी."

"चुकल्यालं नाव कशाला लिवायचं?"

"कोण चुकलं ते कळावं, म्हणून."

वैनींचे डोळे बारीक झाले. "म्हंजी ह्यांची चूक म्हणून जगभर लिवनार?"

"दादाची न्हाई. माझी. नावाच्या म्होरं ठेवणाऱ्याचं आडनाव लिहित्यात. हे ह्यानं ठेवलं, म्हणून."

"कसं लिवत्यात ते वाचून दावा."

मी पिशवीतून टिपण काढून सरांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, बोटानं ओळ शोधली आणि वाचली. आधी कुळीचं ते लांबलचक नाव, मग सोपानी, मग जरा थांबून आपलं आडनाव.

"ते पयलं लांबडं सोडा," वैनी म्हणाल्या. "म्होरलं तेवढं वाचा."

सरांनी वाचलं. सोपानी. आणि आडनाव.

वैनी भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हे तर ह्यांचंच सगळं नाव झालं की. आडनावासकट."

सरांनी कागद जवळ घेतला. ती ओळ त्यांनीच लिहिली होती, मीही कितीदा वाचली होती. आम्हा दोघांनाही ते आडनाव कायम शास्त्रज्ञाचं वाटत आलं होतं. भावाभावांचं आडनाव एकच असतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "व्हय," म्हणाले. "व्हय की, वैनी."

"आनी हे आता कुनालाच पुसता यायचं न्हाई?"

"न्हाई."

"तुमास्नी बी?"

"मला बी न्हाई."

वैनींनी पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीला पाठ टेकून नीट बसल्या. "आनी एकदा वाचा," म्हणाल्या.

सरांनी परत वाचलं. या वेळी ते दोन शब्दांच्या मधे थांबले नाहीत.